हरित बुधवार

आमच्या विद्यापीठाच्या नव्या इमारतीत खिडक्या उघडत नाहीत. गंजल्यात किंवा अडकल्यात असं नाही, त्या उघडण्यासाठी केलेल्याच नाहीत. खालपासून वरपर्यंत पाच मजले निळसर काच, आणि कुठे बोटभर फट नाही. उद्घाटनाच्या दिवशी मी माझ्या नव्या खोलीत शिरले आणि सवयीने खिडकीची कडी शोधत काचेवर हात फिरवत राहिले. शेजारच्या खोलीतले सहकारी दारातून म्हणाले, "मॅडम, कडी नाहीये. ग्रीन बिल्डिंग आहे."

मला वाटलं ते थट्टा करताहेत.

मी भूगोल शिकवते. ऊन, वारा, पाणी हे माझे रोजचे विषय. पण दिल्लीत दुपारचं ऊन कुठून येतं हे सांगायला भूगोलाची पदवी लागत नाही. इथे एक मे महिना काढला की कुणालाही कळतं. तरी आमच्या इमारतीचं सगळ्यात रुंद काचेचं तोंड पश्चिमेकडे आहे. दुपारी त्या बाजूच्या वर्गात बसवत नाही, म्हणून जाड पडदे ओढून घ्यायचे. पडदे ओढले की अंधार होतो, म्हणून दिवे हवेत. दिवे आपले आपण लागतात, कारण छतात माणसांची हालचाल ओळखणारे सेन्सर बसवलेत. हालचाल थांबली की दिवे विझतात आणि वीज वाचते. पहिल्याच परीक्षेला मुलं माना खाली घालून लिहीत असताना अख्खा हॉल काळोखात गेला. मी दोन्ही हात हलवत बाकांमधून फिरले तेव्हा कुठे दिवे परत आले. मुलं खदखदून हसली. पुढच्या परीक्षेला कुणी हसलं नाही. लिहिता लिहिता मुलं मधूनच डावा हात वर करून हलवायची, माशी हाकलावी तसा.

या इमारतीला हरित इमारतीचं वरच्या दर्जाचं मानांकन आहे. दारातच पितळी पाटी लावलीय, तिच्यावर पान कोरलंय.

ही इमारत जिथे उभी आहे तिथे आमची जुनी इमारत होती. विटांची, दुमजली, तीन बाजूंनी खोल व्हरांडा. वर्गांची छतं इतकी उंच की पंखे लांबलचक दांड्यांवरून खाली सोडलेले. भिंतीत वर जाळ्या होत्या, तिथून गरम हवा निघून जायची. जूनमध्ये आम्ही व्हरांड्याला वाळ्याचे पडदे लावायचो, माळी त्यांच्यावर पाणी मारायचे आणि सगळा विभाग ओल्या मुळांच्या वासाने भरून जायचा. गरम व्हायचंच, खोटं कशाला सांगू. पण घाम पुसत का होईना, शिकवता यायचं, आणि वीज गेली तर वर्ग थांबत नसे. ती इमारत पाडली, कारण ती 'एनर्जी एफिशियंट' नव्हती. व्हरांड्यासमोरचे कडुनिंब मुळांसकट उचलून मागच्या गेटजवळ लावले. अहवालात त्याला पुनर्रोपण म्हणतात. झाडं अजून तिथेच उभी आहेत, बुंध्याला गेरूचा पट्टा आणि नंबराचा पत्रा. पान एकाही झाडाला नाही.

मी भूगोलाची, म्हणून मला हरित समितीवर घेतलं होतं. नकाशे आले तेव्हा मी पश्चिमेच्या काचेबद्दल बोलले, न उघडणाऱ्या खिडक्यांबद्दल बोलले. संचालकांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हे संचालक म्हणजे इमारती आणि परिसराचा कारभार बघणारे अधिकारी. अत्यंत गोड बोलणारा माणूस. आवाज कधी चढत नाही. "मॅडम, आपका पॉइंट बिल्कुल सही है," असं म्हणून ते पुढच्या मुद्द्याकडे वळायचे.

त्याच समितीत एका सप्टेंबरात 'हरित बुधवार' मंजूर झाला. दर बुधवारी इमारतीतल्या लिफ्ट बंद. सगळ्यांनी जिना चढायचा. वीज वाचेल, तब्येत सुधारेल, मानांकनात गुण वाढतील. मी विचारलं, "ज्यांना जिना चढता येत नाही त्यांचं काय?"

"ऐसे कितने लोग हैं, मॅडम?" संचालक म्हणाले. "त्यांची काही तरी सोय करू."

माझ्या वर्गात एक मुलगी होती. बी. ए.चं शेवटचं वर्ष. लहानपणापासून तिचे पाय चालत नाहीत, ती व्हीलचेअर वापरते. घर गाझियाबादला. वडील तिथल्या एका कारखान्यात इंजिनियर, मूळचे सोलापूरकडचे. मीही त्याच बाजूला राहते, त्यामुळे परतताना आम्ही बऱ्याचदा मेट्रोच्या एकाच डब्यात असायचो. तिचं मराठी दिल्लीत वाढलेल्या मुलांचं असतं तसं, मधेमधे शब्द हरवलेलं. जिन्याला ती 'सीढ्या' म्हणायची. मी एकदा दुरुस्त केलं तर म्हणाली, "मॅडम, माझा त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही, म्हणून लक्षात राहत नाही." आणि हसली. तिचं हसणं थोडं टोचणारं असायचं.

पहिल्या हरित बुधवारी मी पोचले तेव्हा ती लिफ्टच्या बंद दारासमोर होती. दारावर हिरवा कागद चिकटवलेला: 'पृथ्वीसाठी पावलं उचलूया'. दोन गार्ड तिच्या दोन्ही बाजूंना वाकून उभे होते. "उठा लेंगे, बेटा. चार मंज़िल ही तो है," त्यांतला एक म्हणत होता. बिचारे मनापासून म्हणत होते.

"नको," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मी सामान नाहीये."

गार्डना मराठी कळलं नाही, पण सूर कळला. ते मागे सरले. तिचा चेहरा लाल झाला होता आणि हात चाकांवर घट्ट होते. ही मुलगी रोज गाझियाबादहून एकटी निघते. ई-रिक्षावाल्याशी घासाघीस करते, मेट्रोच्या गर्दीत जागा करून घेते, स्टेशनच्या लिफ्टने चढते, उतरते, गाडी बदलते. हे एवढं मोठं, उर्मट शहर तिला कसंबसं का होईना, वाट देतं. आणि ती अडली कुठे, तर पितळी पानाच्या पाटीखाली, आमच्या दारात.

माझं डोकं फिरलं. मी वरून सगळा वर्ग खाली बोलावला.

पण बसायचं कुठे? तळमजल्यावर एकही वर्ग नाही. तिथे 'हरित अनुभव दालन' आहे. गारेगार एसी, मधोमध काचेच्या पेटीत आमच्याच इमारतीची छोटी प्रतिकृती, तिच्यात इवलीशी प्लास्टिकची झाडं, आणि भिंतीभर पडद्यावर आज किती वीज वाचली त्याचा धावता आकडा. खुर्च्याही होत्या. मी तिथे वर्ग घेऊ का म्हणून विचारलं. दालन सांभाळणारी मुलगी घाबरली. "मॅम, हे व्हिजिटर्ससाठी आहे."

"आज व्हिजिटर आहेत?"

"नाहीत. पण आले तर?"

म्हणून आम्ही पोर्चमध्ये बसलो, पाहुण्यांच्या गाड्या थांबतात तिथे. मुलांनी दप्तरं खाली टाकली, मी खांबाला टेकून उभी राहिले आणि यमुनेच्या पूरमैदानावरचं माझं व्याख्यान रस्त्याच्या हॉर्नांवर आवाज चढवून दिलं. घामाने पाठ भिजली होती. रागाने मी त्या दिवशी फार चांगलं शिकवलं असं मुलं नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. चहा मागवला. "मॅडम, पोर्चमध्ये क्लास... इम्प्रेशन ठीक नहीं जाता."

"मग बुधवारी एक लिफ्ट चालू ठेवा."

"एक चालू ठेवली की सगळेच तिच्यात घुसतील. शिस्त राहणार नाही." त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "आपण असं करू. ती आदल्या दिवशी अर्ज करेल, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट. आम्ही तिच्या वेळेला किल्लीने लिफ्ट सुरू करून देऊ."

"दर आठवड्याला?"

"प्रोसीजर आहे, मॅडम."

हे मी तिला मेट्रोत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दर मंगळवारी मी लिहून द्यायचं की उद्यासुद्धा मला चालता येणार नाही?"

तिने अर्ज केला नाही. मी तिला करायला सांगितलंही नाही. दर बुधवारी आम्ही पोर्चमध्ये बसायचो. गार्ड येऊन म्हणायचे, "मॅडम, ऊपर से ऑर्डर है," आणि मी म्हणायचे, "वरच्यांना खाली पाठवा, लिफ्ट बंद आहे, चालत येतील." ऑक्टोबर बरा गेला. मग दिवाळीच्या पुढे-मागे दिल्लीची हवा होते तशी झाली. धुराची राखाडी चादर, डोळे चुरचुरताहेत, घशात खवखव. काचेच्या आत हवा गाळणारी यंत्रं चालू, बाहेर आम्ही तोंडाला मास्क बांधून माती आणि नद्या शिकतोय. मुलं खोकायला लागली. एका बुधवारी पहिल्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. "मॅम, आम्ही वर बसलो आणि तिला रेकॉर्डिंग पाठवलं तर?"

तो वाईट मुलगा नव्हता. त्याला दमा होता. तो जे म्हणाला ते आणखी काही जणांच्या मनात होतं, ते मला त्यांच्या खाली गेलेल्या नजरांवरून कळलं. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं आणि ओरडताही येईना. ज्याने हे सगळं घडवलं तो माणूस वर गाळलेल्या हवेत बसून चहा पीत होता, आणि इथे खाली एका दम्याच्या मुलाला आणि एका व्हीलचेअरवरच्या मुलीला एकमेकांसमोर उभं केलं होतं.

ती म्हणाली, "रेकॉर्डिंग चालेल."

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गुरुवारी मेट्रोत मी तिला गाठलं. "तू अशी हार मानलीस तर कसं चालेल?" मी जरा चढ्या आवाजातच बोलले असेन, कारण शेजारच्या बाईंनी वळून बघितलं.

तिने शांतपणे कानातले इयरफोन काढले. "मॅडम, एक विचारू? तुम्ही माझ्यासाठी भांडताय की तुमच्या जुन्या बिल्डिंगसाठी?"

दोन स्टेशनं गेली.

"दोन्हीसाठी," मी शेवटी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "फक्त माझ्यासाठी म्हणाला असतात तर मला राग आला असता. माझ्यासाठी म्हणून सगळी क्लास धुरात बसते आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. भांडायचं तर तुम्ही संचालकांशी भांडा. माझ्या क्लासमेट्सना कशाला त्रास?"

तिचं बरोबर होतं. बुधवारचा वर्ग मी वर नेला, रेकॉर्डिंग तिला पाठवत राहिले आणि हिवाळाभर संचालकांशी भांडले. समितीच्या दोन बैठकांत विषय काढला, कुलसचिवांना भेटले, शिक्षकांच्या सभेत बोलले. सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे बुधवारी धापा टाकत जिना चढत राहिले. त्यातल्या एक बाई, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या, बुधवारी सरळ रजा टाकायला लागल्या. त्यांच्या रजेने किती वीज वाचली हे मला त्या दालनातल्या पडद्यावर बघायचं होतं.

घरी मी हे सगळं बाबांना सांगायचे. बाबा माझ्याकडेच राहतात. आयुष्यभर केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी केली, आमचं सगळं लहानपण आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलं. काटकसर मी त्यांच्याकडून शिकले. खोलीतून शेवटी निघणाऱ्याने दिवा बंद करायचा. तांदूळ धुतलेलं पाणी बाल्कनीतल्या तुळशीला आणि मिरचीला. कूलरची जाळी दर वर्षी नवीन वाळा घालून घरीच भरायची. याला आम्ही कधी नाव दिलं नव्हतं. त्यामुळे मला वाटलं होतं, वीज वाचवायची म्हटल्यावर बाबा निदान थोडे तरी त्या लोकांच्या बाजूने बोलतील.

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काऊन बंद केली लिफ्ट?" चिडले की त्यांचं वऱ्हाडी बाहेर येतं.

"वीज वाचवायला."

"आणि त्या बाहेरच्या दिव्यांचं काय? तू म्हणालीस ना, सगळी इमारत संध्याकाळी हिरवी करतात?"

ते खरं होतं. काचेवर खालून हिरवे झोत सोडलेले असायचे, बुधवारीसुद्धा. उड्डाणपुलावरून जाणाऱ्यांना दिसावेत म्हणून.

बाबा म्हणाले, "आमच्या गावी पाऊस कमी झाला की गाव म्हणायचं, पाणी जपून वापरा. आणि जपायला सुरुवात व्हायची गावकुसाबाहेरच्या आमच्या ओळीपासून. आम्हाला विहिरीला हात लावायची मनाई. माझ्या आईनं खाली घागर धरून बसायचं, वरून कुणाची मर्जी झाली की ओतायचे. त्या वर्षी मर्जी होईना. पण कुणी शिवी दिली नाही हो. सगळे गोडच बोलायचे. पाणी कमी आहे बाई, समजून घे." त्यांनी चष्मा पुसला. "तुझा तो संचालक गोड बोलतो म्हणालीस ना?"

ही गोष्ट त्यांनी मला आधी कधी सांगितली नव्हती. आजी घागर घेऊन बसायची एवढं माहीत होतं, त्या कोरड्या वर्षाचं माहीत नव्हतं. त्या दिवसापासून माझा राग बदलला. आधी तो काचेवर होता, मूर्खपणावर होता. आता मला त्या गोड आवाजाचीच चीड यायला लागली.

फेब्रुवारीत मानांकन करणारी मंडळी तपासणीला येणार असं ठरलं. सगळ्या परिसराला रंग लागला. मागच्या गेटच्या वाळलेल्या कडुनिंबांपुढे ट्रकभर फुलांच्या कुंड्या उतरल्या, भाड्याच्या. आणि तपासणीचा दिवस निघाला बुधवार.

मंगळवारी संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली: उद्या पाहुणे आहेत, नीटनेटके कपडे घाला, लिफ्ट सुरू राहतील पण विद्यार्थ्यांनी जिना वापरावा. थोड्याच वेळात तिचा मला मेसेज आला. 'उद्या बुधवार आहे आणि लिफ्ट चालू आहे. मी येतेय.'

सकाळी मी तिला पोर्चमध्येच गाठलं. तिने केस घट्ट बांधले होते, आणि आईचा असावा असा एक रेशमी दुपट्टा घेतला होता. "तू काही बोलणार आहेस का?" मी विचारलं.

"विचारलं तर बोलेन," ती म्हणाली. "मी फक्त क्लासला चाललेय."

आम्ही लिफ्टपाशी आलो तेव्हा पाहुणे नुकतेच त्या दालनातून बाहेर पडत होते. दोन पुरुष आणि हातमागाच्या साडीतल्या एक पिकल्या केसांच्या बाई. संचालक पुढे चालत वाट दाखवत होते. लिफ्टचं दार उघडलं. तिने खुर्ची पुढे घेतली.

"बेटा, आप अगली वाली ले लो," संचालक म्हणाले, गोड.

"जागा आहे की," त्या बाई हिंदीत म्हणाल्या आणि स्वतः बाजूला सरकल्या. "या, या." ती आत गेली. तिच्या मागून मी गेले. कुणी मला बोलावलं नव्हतं. संचालकांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता.

दार बंद झालं. बाईंनी विचारलं, "कितवा मजला?"

"चौथा."

"रोज येतेस?"

"बुधवार सोडून."

"बुधवारी वर्ग नसतो?"

"असतो. बुधवारी लिफ्ट बंद असते. वीज वाचवायला."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "पण आज बुधवार आहे ना?"

"हो," ती म्हणाली. "आज तुम्ही आलात."

लिफ्ट चढत होती. एक पाहुणा मजल्यांचे आकडे बघत राहिला. संचालक हसले, एकदम लहानसं. मग चौथा मजला आला, ती "थँक यू मॅम" म्हणून बाहेर गेली आणि वर्गाच्या दिशेने वळली. मी तिच्या मागे चालू लागले. चाकांवरचे तिचे हात अगदी स्थिर होते.

संध्याकाळी समारोपाची बैठक झाली. समितीवर असल्याने मीही होते. त्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, बुधवारच्या लिफ्टचा काय प्रकार आहे. संचालक क्षणभरही अडखळले नाहीत. "मॅडम, तो एक पायलट प्रोजेक्ट होता. फीडबॅक घेऊन आम्ही तो संपवलेला आहे."

कधी संपवला? त्याच वाक्यात. पुढच्या बुधवारी दारावरचा हिरवा कागद नव्हता, लिफ्ट चालू होती. ना सूचना, ना माफी. हिवाळाभर माझी विद्यार्थिनी दर बुधवारी घरी बसून रेकॉर्डिंग ऐकत होती. एका परक्या बाईच्या एका प्रश्नापुढे खोटं बोलावं लागलं म्हणून ते थांबलं. मी पाच महिने खरं बोलत होते, त्याने लिफ्टचं एक बटणही हललं नव्हतं.

मानांकन मिळालंच. आधीपेक्षा वरचं.

तुम्हाला वाटेल, इथे हे संपलं. मलाही वाटलं होतं. पण त्या बाईंनी अहवालात लिहिलं की परिसर सर्वसमावेशक करण्याकडे लक्ष द्यावं. सर्वसमावेशक हा शब्द आमच्या लोकांना फार आवडला. नव्या माहितीपुस्तिकेसाठी फोटो काढायचे होते. संचालकांच्या कार्यालयातून त्या मुलीला फोन गेला, रॅम्पवर एक फोटो देशील का?

"देते की," ती त्यांना म्हणाली. "पण सोबत लिहा, मी हिवाळाभर बुधवारी वर्गाला येऊ शकले नाही."

पुन्हा फोन आला नाही.

पुस्तिका आली मे महिन्यात, प्रवेशाच्या दिवसांत. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हिरव्या उजेडातली काच. आतल्या एका पानभर फोटोत रॅम्पवर व्हीलचेअरमध्ये एक हसरी मुलगी, मागे कुंड्या. ती मुलगी मला ओळखीची वाटेना. समितीच्या बैठकीत मी पुस्तिका सगळ्यांसमोर धरली.

"ही कोण?"

"मॅनेजमेंट विभागाची विद्यार्थिनी आहे," कुणी तरी म्हणालं.

"हिला चालता येतं?"

संचालक म्हणाले, "मॅडम, त्या दुसऱ्या मुलीने नकार दिला. आम्ही काय करणार? रिप्रेझेंटेशन तर व्हायला हवं ना?"

"आणि खुर्ची?"

"मेडिकल रूमची."

तिथे बसलेल्या इतक्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही लाज वाटली नाही. एक जण तर हसला, कौतुकाने, छान युक्ती काढली म्हणून. मी पुस्तिका टेबलावर ठेवली आणि म्हटलं की या समितीवर मी आता नाही. "आपका पॉइंट बिल्कुल सही है," माझी पाठ वळताना ऐकू आलं. मी दार आपटणार होते. ते दार आपटता येत नाही, त्याला हळू मिटवणारा दट्ट्या बसवलाय. ते माझ्या मागे सावकाश, अदबीने मिटलं.

तिला मी पुस्तिका शेवटच्या परीक्षेनंतर दाखवली. तिने फोटो जवळ धरून नीट बघितला. मला वाटलं ती चिडेल, रडेल. ती म्हणाली, "मॅडम, हिने ब्रेक लावला नाहीये. उतारावर हात मांडीत घेऊन बसलीय. फोटोच्या बाहेरून कुणी तरी खुर्ची धरली असणार, नाही तर गेली असती खाली." आणि ती खळखळून हसायला लागली. मला हसू आलं नाही. तिला हसताना बघून मला जास्तच राग आला, कारण इतक्या लहान वयात अशा गोष्टींवर हसायची सवय तिला लागली होती.

ती पास झाली, चांगली झाली. एम. ए.ला तिने आमच्याकडे अर्जच केला नाही. दुसऱ्या एका विद्यापीठात गेली, जुन्या बैठ्या इमारतीतल्या विभागात. तिथेही सगळं आलबेल नाही, असं ती फोनवर सांगते. तिथल्या बाथरूमचं दार अरुंद आहे. त्यावरून तिचं भांडण चालू आहे.

यंदा प्रवेश सुरू झाले तेव्हा मी तळमजल्यावरच्या मदतकक्षात बसले होते. एक गृहस्थ आले, सोबत कुबड्या घेतलेली मुलगी. लखनौकडचे असावेत. त्यांच्या हातात तीच पुस्तिका होती, तेच पान उघडलेलं. ते पान माझ्यापुढे धरून ते फार समाधानाने म्हणाले, "मॅडम, हे बघून आम्ही इथे आलो. इथे अशा मुलांची चांगली काळजी घेतात ना?"

मी त्या मुलीकडे बघितलं. ती वडिलांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"बसा," मी म्हटलं. "या फोटोतल्या मुलीला चालता येतं. आता मी तुम्हाला इथे काय आहे आणि काय नाही ते सगळं सांगते, मग तुम्ही ठरवा."

मागून मदतकक्षाचा कारकून खाकरला. मी खुर्ची त्या मुलीसाठी पुढे ओढली आणि तिच्याशी बोलायला लागले.